कार्यालयाचा नवा सर्व्हर : अडचणी आणि त्यांचा शोध

बेळगावहून बागलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे दहा किलोमीटर अंतरावर सांबरा हे गाव आहे. विमानतळामुळे आणि हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे गावाचे नाव दूरवर पोहोचले असले, तरी शेती हाच तेथील अनेक कुटुंबांचा आधार आहे. मृगाच्या तोंडावर बियाणे व खतांसाठी कर्ज घ्यावे आणि पीक हाती आल्यावर मुदतीत ते फेडावे, हा शेतकऱ्याचा वर्षानुवर्षांचा क्रम होय. या देवघेवीचा हिशेब पूर्वी कापडी बांधणीच्या जाडजूड खतावण्यांत असे; आज तो संगणकात असतो.

विवेचनाच्या सोयीसाठी अशा गावातील एका लहान सहकारी पतसंस्थेचे कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. पाच संगणक, एक साधे छपाईयंत्र, एक पासबुक छापणारे यंत्र, कागदपत्रांची प्रतिमा घेणारा स्कॅनर आणि आतल्या खोलीत कपाटाशेजारी ठेवलेला सर्व्हर, एवढाच त्याचा संसार. सर्व्हर जुना झाला म्हणून शनिवारी सायंकाळी नवा बसविला जातो. सोमवारी सकाळी दहा वाजता खिडकीशी रांग लागते आणि पहिल्याच सभासदाचे खाते उघडत नाही. येथून पुढे काय करावे, कोणत्या क्रमाने शोध घ्यावा आणि मुळात ही वेळ येऊ नये म्हणून काय दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सहकारी संस्था आणि संगणक

कृषी पतपुरवठ्याच्या सहकारी चळवळीशी या भागाचे नाते जुने आहे. गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे १९०५ साली सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने कृषी पतसंस्था स्थापन झाली. आशियातील अशा पहिल्या संस्थेचा मान तिला दिला जातो. महाराष्ट्रात विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था आणि बेळगाव परिसरात कृषी पत्तीन संघ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्था एकाच परंपरेतील आहेत. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा ६३,००० प्राथमिक संस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या योजनेतील सामायिक कार्यप्रणाली दूरस्थ सर्व्हरवर चालावी अशी कल्पना असली, तरी माहिती एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याचा प्रश्न सुटत नाही. सर्व्हर शेजारच्या खोलीत असो की शेकडो मैलांवर, स्थलांतराचे नियम तेच राहतात.

सर्व्हर काय करतो?

सर्व्हर म्हणजे केवळ माहितीचे मोठे कपाट, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. जुन्या कचेरीतील चार माणसांची कामे सर्व्हर एकटा करीत असतो. दफ्तरदाराप्रमाणे तो कागद सांभाळतो. टपालवाल्याप्रमाणे कोणाचे नाव कोणत्या पत्त्यावर आहे हे सांगतो. किल्लीवाल्याप्रमाणे कोणी कोणते कपाट उघडावे हे ठरवितो. आणि कचेरीतील घड्याळाप्रमाणे सर्वांना एकच वेळ दाखवितो.

सर्व्हर बदलताना बहुधा पहिल्या कामाचाच विचार केला जातो. माहितीची नक्कल नव्या यंत्रावर उतरली म्हणजे काम झाले असे वाटते. पत्ते, किल्ल्या आणि घड्याळ मात्र जुन्याच यंत्रात राहून जातात. सोमवारच्या तक्रारींचे मूळ बहुतांशी येथे असते.

या अडचणींचे दोन वर्ग पडतात. काही अडचणी बोलक्या असतात : खाते उघडत नाही, छपाई होत नाही, पडद्यावर दोषाची सूचना येते. त्या त्रासदायक असल्या तरी लपत नाहीत. दुसऱ्या अडचणी मुक्या असतात : सर्व काही चालू दिसते, काम सुरळीत पार पडते, परंतु नोंद चुकीची होत राहते. कार्यालय उघडले म्हणजे स्थलांतर यशस्वी झाले असे मानणारे या दुसऱ्या वर्गाच्या तावडीत सापडतात.

पूर्वतयारी

सर्व्हर कधी ना कधी बदलावाच लागतो. यंत्राचे भाग झिजतात, तसेच आज्ञावलीला निर्मात्याकडून मिळणारे संरक्षणही संपते. विंडोज सर्व्हर २००८ या प्रणालीचे नियमित संरक्षण १४ जानेवारी २०२० रोजी आणि २०१२ च्या प्रणालीचे १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले. बदल अटळ असल्याने तो सवडीने व ठरवून करणे शहाणपणाचे. मार्चअखेरीची वसुली आणि जूनमधील कर्जवाटप हे दोन काळ त्यासाठी सर्वस्वी वर्ज्य समजावेत.

स्थलांतरापूर्वी पुढील पाच गोष्टी पूर्ण कराव्यात.

१. प्रत्येक संगणकाचे नाव, त्याचा जाळ्यातील क्रमांक, त्यावर काम करणारा कर्मचारी, त्यास जोडलेली यंत्रे आणि त्यावरील कार्यप्रणाली यांची लेखी यादी करावी. सर्व सांकेतिक शब्द मोहोरबंद लिफाफ्यात सचिवांच्या ताब्यात ठेवावेत.

२. माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत इमारतीबाहेर ठेवावी.

३. प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. ती दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून उघडते की नाही हे पाहावे. न तपासलेली प्रत ही न घेतलेल्या प्रतीसारखीच होय.

४. शेवटच्या दिवसाचे काम बंद झाल्यावर तेरीज, रोख शिल्लक, सभासदनिहाय ठेवी आणि कर्ज येणे यादी कागदावर छापून त्यावर सचिवांची सही घ्यावी.

५. जुना सर्व्हर विकू नये, पुसू नये, त्यावर नवे काम करू नये. किमान एक महिनाअखेरीचा हिशेब नव्या यंत्रावर बिनचूक जुळेपर्यंत तो जसाच्या तसा राखून ठेवावा.

बोलक्या अडचणी : खालून वर शोध

यंत्र अडले की जो तो आपल्या तर्काप्रमाणे काहीतरी बदलू लागतो. एकजण तार काढून लावतो, दुसरा क्रमांक बदलतो, तिसरा संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, बंद करतो. तासाभराने मूळ दोष कोणता आणि नवा कोणता हेच कळेनासे होते. यास्तव दोन नियम कटाक्षाने पाळावेत. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा; उपयोग झाला नाही तर तो मागे घेऊनच पुढचा बदल करावा. दुसरा नियम असा की शोध नेहमी खालून वर, म्हणजे वीज व तारेपासून कार्यप्रणालीकडे, घेत जावा.

वीज आणि तार : बेळगाव परिसरात पावसाळा जोरदार असतो आणि वीज जाणे-येणे नवीन नाही. सर्व्हर व जाळ्याचा स्विच या दोहोंना अखंड वीजपुरवठा देणारे यंत्र जोडलेले आहे काय हे प्रथम पाहावे. सर्व्हर चालू आणि स्विच मात्र बंद, असा प्रकार पुष्कळदा घडतो. त्यानंतर तारेच्या टोकाशी असलेला दिवा लुकलुकतो काय हे पाहावे. उंदराने कुरतडलेली तार बाहेरून धड दिसते. संशय असल्यास दुसरी तार लावून खात्री करावी.

क्रमांक : जाळ्यातील प्रत्येक यंत्रास आयपी पत्ता नावाचा क्रमांक असतो. लहान कार्यालयात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. अडलेल्या संगणकाचा क्रमांक १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर क्रमांक वाटून देणाऱ्या यंत्राकडून त्यास उत्तर मिळालेले नाही असे समजावे. याच्या उलट, क्रमांक वाटणारी दोन यंत्रे एकाच वेळी चालू असणे हेही घातक ठरते. दूरध्वनी कंपनीने दिलेला राउटर आणि नवा सर्व्हर हे दोघेही क्रमांक वाटू लागले, तर काही संगणक चालतात, काही अडतात आणि दुसऱ्या दिवशी नेमके उलट होते. हे काम एकाकडेच ठेवावे. जुन्या सर्व्हरचाच क्रमांक नव्यास द्यावयाचा असल्यास जुना आधी जाळ्यातून काढावा. एका क्रमांकाची दोन यंत्रे एकत्र नांदत नाहीत.

नाव : माणसे यंत्रास नावाने ओळखतात, यंत्रे मात्र क्रमांकाने. नावावरून क्रमांक सांगण्याची व्यवस्था डीएनएस या नावाने ओळखली जाते. येथे एक सोपी परीक्षा आहे. पिंग या आज्ञेने सर्व्हरला प्रथम क्रमांकाने आणि नंतर नावाने हाक मारावी. क्रमांकाला उत्तर मिळाले आणि नावाला मिळाले नाही, तर तार, स्विच व क्रमांक ठीक असून दोष नावाच्या व्यवस्थेत आहे, असे निश्चित होते. संगणक अजूनही जुन्या सर्व्हरलाच पत्ता विचारीत आहे, हे त्याचे नेहमीचे कारण होय. क्रमांकाच्या हाकेलाही उत्तर न आल्यास मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. नव्या सर्व्हरची फायरवॉल अशी हाक अडवीत असण्याचा संभव असतो.

ओळख आणि वेळ : सांकेतिक शब्द बरोबर असूनही प्रवेश नाकारला जात असेल, तर दोन्ही यंत्रांची घड्याळे पाहावीत. विंडोजच्या डोमेन व्यवस्थेत संगणक व सर्व्हर यांच्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक तफावत असल्यास, पूर्वनियोजित मांडणीनुसार, ओळख पटविली जात नाही. जुन्या संगणकातील नाण्याच्या आकाराचा सेल संपला म्हणजे वीज गेल्यावर त्याचे घड्याळ मागे पडते. अल्प किमतीचा सेल बदलल्याने सुटणाऱ्या या दोषापायी सबंध दिवस वाया गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

हक्क : यादी दिसते पण उघडत नाही, किंवा उघडते पण त्यात लिहिता येत नाही, अशी तक्रार असेल तर प्रश्न हक्कांचा आहे. सामायिक फोल्डरवर हक्कांचे दोन पहारे असतात. एक जाळ्यातून येणाऱ्यासाठी आणि दुसरा प्रत्यक्ष फाइलवर. दोहोंपैकी जो अधिक कडक, तोच लागू होतो. साध्या रीतीने नक्कल केल्यास फाइली नव्या जागेचे हक्क घेतात आणि मूळचे हक्क मागे राहतात. म्हणून हक्कांसह नक्कल करणारी आज्ञा वापरावी.

कार्यप्रणाली आणि यंत्रे : हिशेबाच्या कार्यप्रणालीत जुन्या सर्व्हरचे नाव लिहून ठेवलेले असते. पाचही संगणकांवर ते बदलावे लागते. एक राहिला तर तेवढाच अडतो. माहितीसंच एसक्यूएल सर्व्हरवर असल्यास तो सामान्यतः १४३३ क्रमांकाच्या द्वारातून बोलतो. नव्या सर्व्हरची फायरवॉल तेवढेच द्वार आणि तेही कार्यालयातील संगणकांपुरतेच उघडावे. फायरवॉल सरसकट बंद करणे हा उपाय नव्हे. जुना स्कॅनर प्रतिमा पाठवीनासा झाला, तर तो एसएमबीच्या पहिल्या, असुरक्षित ठरलेल्या आवृत्तीत बोलत असण्याचा संभव आहे. २०१७ पासूनच्या विंडोज आवृत्त्यांत ती प्रारंभी बंद असते. ती पुन्हा सुरू करण्यापेक्षा स्कॅनरची आज्ञावली अद्ययावत करणे किंवा प्रतिमा अन्य मार्गाने घेणे हितावह होय.

मुक्या अडचणी

येथवरच्या अडचणींना क्रमवार शोधाने उत्तर सापडते. याहून गंभीर अडचणी कोणतीही सूचना देत नाहीत. त्यांपैकी तारखेची अडचण सभासदाच्या थेट हिताशी निगडित असल्याने तिचा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

आपल्याकडे तारीख लिहिताना आधी दिवस व नंतर महिना लिहितात. अमेरिकेत आधी महिना लिहितात. नवा सर्व्हर बसविताना देशाची मांडणी न बदलल्यास तो अमेरिकन रीतीने वाचू लागतो. एखाद्या शेतकऱ्याने ४ मार्च रोजी पीककर्ज फेडले आणि नोंद ०४/०३ अशी झाली, तर असा सर्व्हर ती ३ एप्रिल अशी वाचण्याचा धोका असतो. परतफेडीची अंतिम तारीख ३१ मार्च आहे असे समजले, तर मुदतीपूर्वी सत्तावीस दिवस पैसे भरणारा सभासद यंत्राच्या लेखी थकबाकीदार ठरतो.

त्याची झळ किती बसते हेही पाहावे. केंद्र शासनाच्या व्याज सवलत योजनेनुसार ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज ७ टक्के दराने मिळते आणि मुदतीत फेडणाऱ्यास त्यात ३ टक्क्यांची आणखी सवलत असते. एक लाख रुपयांवर ही सवलत वर्षाला ३,००० रुपये होते. कर्नाटकात सहकारी संस्थांमार्फत मिळणारे पीककर्ज ठरावीक मर्यादेपर्यंत बिनव्याजी आहे. परंतु तेही मुदतीत फेडणाऱ्यालाच. शेतकऱ्याच्या हातात पावती असते, पण सवलतीची यादी यंत्रातून निघते. त्या यादीत त्याचे नाव नाही हे पुढच्या हंगामात नवे कर्ज मागताना त्याला कळते.

या दोषाचे कपट असे की १३ ते ३१ या तारखा उलट वाचताच येत नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. तेथे यंत्र नोंद नाकारते आणि दोष उघडकीस येतो. १ ते १२ या तारखा मात्र निमूटपणे उलटतात. सबब, स्थलांतरानंतर चाचणीसाठी मुद्दाम १ ते १२ तारखांच्या जुन्या नोंदी निवडाव्यात आणि मूळ पावत्यांशी ताडून पाहाव्यात. त्यातही दिवस व महिना एकच असलेल्या, म्हणजे ५ मे किंवा ७ जुलै अशा, नोंदी चाचणीस निरुपयोगी होत.

दुसरी मुकी अडचण लिपीची. सीमाभागातील कार्यालयात मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील कागद असतात. युनिकोड ही जागतिक लिपिसंकेत-प्रणाली १९९१ साली प्रसिद्ध झाली, तरी पुष्कळ कार्यालयांतून त्यानंतरही दीर्घकाळ विशिष्ट टंकांतच मजकूर लिहिला गेला. मराठीसाठी श्री-लिपी, कन्नडसाठी नुडी ही त्यांची परिचित उदाहरणे. अशा फाइलीतील अक्षरे मुळात रोमी संकेतांत साठविलेली असतात. नव्या यंत्रावर तो टंक नसेल तर मजकुराऐवजी अर्थहीन रोमी अक्षरे दिसतात. माहिती नष्ट झाली असे समजून ती पुन्हा टंकलिखित करण्याची घाई करू नये. प्रथम मूळ टंक बसवावा.

खरा धोका पुढे आहे. जुनी नावे जुन्या टंकात आणि नवी युनिकोडमध्ये राहिली, तर पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. शोध घेताना मात्र यंत्राला ती दोन निराळी नावे वाटतात. सभासद सापडला नाही म्हणून त्याचे दुसरे खाते उघडले जाते, आणि एका माणसाची ठेव एका नावावर व कर्ज दुसऱ्या नावावर राहते. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे व रफार यांत चुका होतात. म्हणून रूपांतरित नावांची यादी माणसाने वाचून तपासणे अपरिहार्य आहे.

आणखी दोन मुक्या अडचणींचा उल्लेख पुरेसा आहे. काम अडू नये म्हणून पहिल्या दिवशी सर्वांना सर्व हक्क दिले जातात आणि ते काढून घेण्याचे राहून जाते. तसेच रोज रात्री आपोआप प्रत घेण्याची आज्ञा जुन्या सर्व्हरवर असते. ती नव्यावर कोणी लिहीत नाही. महिनोन्महिने प्रत निघत नाही आणि यंत्र बिघडेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

‘भूमी’ प्रकल्पाचा बोध

मुक्या चुकांवर उपाय कोणता, हे कर्नाटकातील एका मोठ्या उपक्रमावरून दिसते. पहाणीपत्रक, ज्याला सीमाभागातील मराठी शेतकरी सवयीने उतारा म्हणतो, त्याचे संगणकीकरण ‘भूमी’ या प्रकल्पाखाली झाले. सुमारे ६७ लाख खातेदारांच्या २ कोटी नोंदी त्यात संगणकावर आणल्या गेल्या. कागदावरून यंत्राकडे झालेले ते एक विराट स्थलांतरच होते. भरलेल्या माहितीच्या छापील प्रती काढून त्या गावपातळीवरील महसूल कर्मचाऱ्यांकडून मूळ दप्तराशी ताडून घेण्यात आल्या. ही तपासणी झाल्यानंतर हस्तलिखित उताऱ्यांची वैधता तालुक्यागणिक संपुष्टात आणण्यात आली. नोंदीत बदल करणाऱ्याची ओळख बोटाच्या ठशाने पटविण्याचीही व्यवस्था होती.

लहान कार्यालयाने यातून क्रम घ्यावा : आधी नक्कल, मग छापील प्रत, मग मूळ कागदाशी मेळ आणि सर्वांत शेवटी जुन्याचा निरोप. पाच संगणकांच्या कार्यालयात हे काम दोन कर्मचारी दोन-तीन दिवसांत करू शकतात. एकाने छापील यादी वाचावी, दुसऱ्याने पडदा पाहावा. एकूण बेरीज जुळली म्हणजे प्रत्येक खाते जुळले असे होत नाही. दोन चुका परस्परांना झाकू शकतात. म्हणून बेरजेबरोबर काही खाती निवडून त्यांची पहिल्यापासूनची नोंद पाहावी.

माघारीची वाट

स्थलांतर सुरू करण्यापूर्वीच माघारीची वेळ ठरवून ठेवावी. रविवारी दुपारी चार वाजेपर्यंत ठरलेल्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या नाहीत, तर नवा सर्व्हर बाजूला ठेवून जुना पुन्हा जोडावा आणि सोमवारी कार्यालय नेहमीप्रमाणे उघडावे, असा निर्णय आधीच लेखी घेतलेला असावा. अशी माघार हे अपयश नव्हे. मात्र नव्या यंत्रावर सभासदांचे व्यवहार एकदा सुरू झाले की माघार अवघड होते, कारण त्या व्यवहारांची नोंद जुन्यात नसते. नव्या यंत्रावर पहिला आठवडा काम करताना प्रत्येक पावतीची कार्बन प्रत जपून ठेवावी, म्हणजे प्रसंग पडल्यास तो आठवडा हाताने पुन्हा भरता येईल.

याखेरीज सर्व्हरसाठी एक साधी नोंदवही ठेवावी. कोणत्या दिवशी कोणता दोष आढळला, काय बदलले, कोणी बदलले आणि परिणाम काय झाला, एवढे चार रकाने पुरेत. तंत्रज्ञ बदलतो, सचिवांची बदली होते, कंपनी वेगळी येते. वही मात्र कार्यालयात राहते.

नव्या सर्व्हरचा वेग आणि साठवणक्षमता यांची वाखाणणी यथायोग्यच आहे. तथापि सभासदाला त्यांच्याशी कर्तव्य नसते. त्याने ज्या दिवशी पैसे भरले तोच दिवस वहीत राहावा, त्याचे नाव त्याच्याच खात्यावर असावे आणि पुढच्या मृगापूर्वी त्याला खिडकीवरून परत फिरावे लागू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. जुना सर्व्हर बंद करण्यापूर्वी या तीन गोष्टी कागदाशी ताडून पाहिल्या गेल्या, तर स्थलांतर पूर्ण झाले असे निःशंकपणे म्हणता येईल.